उसनी दाढी

जुन्या वाङ्मयाला प्रगतीचं सर्टिफिकेट वाटत सुटलेली माणसं पाहिली की माझ्यातला कारकून जागा होतो. आम्ही बँकेत पन्नास रुपयांचं व्हाउचरसुद्धा सही ताडून पाहिल्याशिवाय पुढे सरकवत नाही. आणि ही मंडळी चोवीसशे वर्षांपूर्वीचं नाटक बिनदिक्कत स्त्रीमुक्तीच्या खात्यावर जमा करून मोकळी होतात!

नाटक ग्रीक, अ‍ॅरिस्टोफेनीसचं, इसवीसनापूर्वी सुमारे ३९१ सालचं. अथेन्सच्या बायका भल्या पहाटे नवऱ्यांचे कपडे आणि जोडे चढवून, खोट्या दाढ्या लावून लोकसभेत घुसतात आणि मतं देऊन राज्य ताब्यात घेतात. त्यांची पुढारी प्राक्सागोरा. नाटक फर्मास आहे, वादच नाही. तालमीला एक बाई चक्क लोकर पिंजायला घेऊन येते. सभेत बसल्या बसल्या तेवढंच काम उरकेल! लोकलमध्ये भाजी निवडणाऱ्या आपल्या भगिनींना ही बाई लगेच ओळखीची वाटेल.

"बघा, त्या काळी स्त्रियांचं राज्य!" आमचे एक पुरोगामी मित्र म्हणतात. अहो, जरा लेजर तर उघडा!

नोंद पहिली. लिहिणारा पुरुष, नट झाडून सगळे पुरुष. म्हणजे बाईचं सोंग घेतलेला पुरुष पुन्हा पुरुषाचं सोंग घेणार! बालगंधर्वांच्या शालूवर जीव टाकणाऱ्यांचे आपण वारस. तेव्हा पुरुषानं लुगडं नेसण्याला माझी हरकत नाही. पण खऱ्या अथेन्समध्ये एकाही बाईला मत नव्हतं आणि हे कधी घडायचं नाही, या भरवशावरच सगळा हशा उभा आहे.

नोंद दुसरी. घर चालवतो तसं राज्यही चालवू, असं प्राक्सागोरा सांगते खरं. पण सभेची बातमी आणणारा गृहस्थ ठरावाचं कारण काय देतो? गावानं बाकी सगळं करून पाहिलं, एवढंच राहिलं होतं!

नोंद तिसरी. नव्या राज्यात मालमत्ता सामाईक, जेवणही सामाईक. मग शेत कोण कसणार? उत्तर तयार: गुलाम! समतेच्या ताळेबंदात गुलाम माणसांच्या रकान्यात नाहीतच. ते 'फर्निचर अँड फिक्स्चर्स'मध्ये.

नोंद चौथी. सत्ता मिळालेली प्राक्सागोरा अर्ध्या नाटकातून जी जाते ती परत दिसत नाही. पुढे तीन म्हाताऱ्या एका तरुणाची ओढाताण करतात, आणि लोकांनी हसायचं ते म्हाताऱ्यांना.

खरं रत्न म्हणजे प्राक्सागोराचा नवरा, ब्लेपिरस. आता मी तुझ्या मागे मागे चालणार, म्हणजे लोक म्हणतील, हाच तो बाईंचा नवरा, असं तो खुशीत सांगतो. १९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली, पंचायतींत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, आणि आपल्याकडेही कितीतरी गावांत हा गृहस्थ अवतरला. नाव सरपंचपती! फरक एवढाच, ब्लेपिरस बिचारा मागे चालणार होता. आपला पुढे चालतो, आणि शिक्काही त्याच्याच खिशात.

म्हणून म्हणतो, नाटक खुशाल करा, पोटभर हसा. पण बाईला उसनी दाढी लावून सभेत बसवलं, म्हणजे तिला जागा मिळाली असं समजू नका. अथेन्समध्ये ती दाढी लोकरीची होती की कशाची, देव जाणे. आपल्याकडे ती नवऱ्याची असते. ज्या गावांत सरपंचबाई स्वतः खुर्चीवर बसून, कागद वाचून, स्वतः सही करतात, त्या गावांनी अ‍ॅरिस्टोफेनीसला केव्हाच मागे टाकलं. त्यांना सर्टिफिकेट द्या, मी स्वतः शिक्का मारतो.

बाकीच्यांचं व्हाउचर परत. शेरा: सही जुळत नाही.