नहरीचे बंबे पाडू नका

बुलढाण्याच्या डोणगावहून मेहकर, सिंदखेडराजा, जालना करत आपली माणसं छत्रपती संभाजीनगरला जातात. दवाखान्यासाठी, पोरांच्या कॉलेजासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी. त्या शहराच्या जुन्या भागात दगडविटांचे जाड, उंच खांब एकटेच उभे दिसतात. वर छप्पर नाही, बाजूला भिंत नाही. कुणाला ती पडकी दीपमाळ वाटते, कुणाला मोडलेल्या वाड्याचा कोपरा. ज्याचं काम कळत नाही, ते रस्त्याच्या आड आलं की सगळ्यात आधी पाडलं जातं. म्हणून या खांबांचं काम आधी सांगतो.

हे नहरीचे, म्हणजे जमिनीखालच्या जुन्या पाणीवाटेचे, बंबे. निजामशाहीचा हबशी वजीर मलिक अंबर याने 1610 मध्ये खडकी, म्हणजेच आजचं संभाजीनगर, वसवली आणि पुढच्या काही वर्षांत या कोरड्या, खडकाळ गावाला पाणी आणलं. शहराच्या उत्तरेला उंचावर जमिनीत मुरलेलं पाणी बोगद्यात गोळा केलं आणि फक्त उतारावर खाली सोडलं. मोट नाही, रहाट नाही. पण बंद नळातून पाणी लांब न्यायचं तर दोन संकटं येतात: नळात हवा कोंडते आणि सखल भागात पाण्याचा दाब वाढून खापरी नळ फुटतो. त्यासाठी वाटेत बंबे बांधले. पाणी नळातून बंब्यावर चढतं, वरच्या उघड्या कुंडीत हवा सोडतं, दाब हलका करतं, गाळ बसवतं आणि दुसऱ्या नळाने उतरून पुढे निघतं. याच शहरातल्या पाणचक्कीचं जातं फिरवणारं पाणीही अशाच एका नहरीचं. पुण्यात कात्रजहून शनिवारवाड्याकडे आलेल्या पेशवेकालीन नळालाही असेच बंबे आहेत; तिथे त्यांना उच्छ्वास म्हणतात.

एकटा बंबा पाहिला तर तो निरर्थकच दिसणार. त्याचा अर्थ पुढच्या आणि मागच्या बंब्यात आहे. मधला एक पाडला की जमिनीखालचा नळ कुठून कुठे गेला हे सांगणारी खूण जाते. मग पाया खोदताना, बोअर मारताना तो नळ कुणीही फोडतो, आणि फोडणाऱ्याला कळतही नाही. माझ्या मते हे देऊळ किंवा किल्ला पडण्याइतकंच मोठं नुकसान आहे. आपण बुलढाण्याची माणसं, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी. पंपाशिवाय शहराला पाणी पाजणाऱ्या कारागिरीची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको.

महापालिकेने आणि पुरातत्त्व विभागाने उरलेल्या प्रत्येक बंब्याची नोंद करावी, त्यावर मराठी आणि उर्दूत पाटी लावावी आणि नळाचा मार्ग विकास आराखड्यात दाखवावा. रस्ता रुंद करायचा असेल तर बंबा दुभाजकात ठेवता येतो. अंगणात बंबा असलेल्या घरमालकांनी तो आपला मान समजावा. आणि तुम्ही पुढच्या खेपेला संभाजीनगरला जाल तेव्हा एका बंब्यापाशी थांबा, फोटो काढा, ठिकाण लिहून घ्या आणि तो वाचवण्याची मागणी करणारं पत्र महापालिका आयुक्तांना पाठवा. पत्र मराठीत, दोन ओळींचं असलं तरी चालेल.