पराभूताची खुर्ची

यंदाचा दिवाळी अंक वाचकांच्या हाती देताना जगात युद्धे चालू आहेत आणि ती थांबल्यावर पुढे काय, याची चर्चाही चालू आहे. युक्रेन असो वा गाझा, पुनर्बांधणीचा विषय निघाला की आधी आकडे पुढे येतात. किती अब्ज डॉलर लागतील, ते कोण देणार, भरपाई कुणाकडून वसूल करायची? हे प्रश्न टाळता येणार नाहीत. पण विसाव्या शतकाचा अनुभव त्याआधीचा एक प्रश्न विचारायला लावतो. हरलेल्यांचे भवितव्य ज्या टेबलावर ठरते, तिथे त्यांना बसायला खुर्ची आहे का? शांतता टिकणार की मोडणार, हे पैशापेक्षा या प्रश्नाच्या उत्तरावर अधिक ठरते, असे आमचे मत आहे.

7 मे 1919 रोजी व्हर्सायच्या ट्रियानॉन पॅलेस हॉटेलात जर्मन शिष्टमंडळाच्या हाती पहिल्या महायुद्धाच्या तहाचा मसुदा ठेवण्यात आला. तोंडी वाटाघाटी होणार नव्हत्या. जे म्हणायचे ते पंधरा दिवसांत लेखी कळवायचे होते. भरपाईचा आकडा तर तेव्हा ठरलाही नव्हता. तो 1921 मध्ये ठरला, 132 अब्ज सुवर्ण मार्क. हप्ते थकले तेव्हा जानेवारी 1923 मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमचे सैन्य रूरच्या कोळसापट्ट्यात शिरले. त्याच्या निषेधार्थ संपावर गेलेल्या कामगारांना पोसण्यासाठी जर्मन सरकारने बेसुमार नोटा छापल्या आणि नोव्हेंबरपर्यंत एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क मोजावे लागू लागले. भरपाईचा खरा बोजा कागदावरच्या आकड्याहून बराच कमी होता आणि जर्मनीला तो पेलता आला असता, असे काही इतिहासकार म्हणतात. ते खरे मानले तर आमचा मुद्दा अधिकच बळकट होतो. रक्कम पेलण्याजोगी असूनही जर्मन जनतेने ती मनापासून कधीच स्वीकारली नाही, कारण तो तह तिच्यावर लादलेला होता. त्या सलणाऱ्या अपमानावरच हिटलरने आपले राजकारण उभे केले.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले, त्याचे श्रेय सहसा मार्शल योजनेला दिले जाते. 1948 ते 1952 या काळात अमेरिकेने पश्चिम युरोपला सुमारे 13 अब्ज डॉलर दिले. त्यांतले पश्चिम जर्मनीच्या वाट्याला साधारण 1.4 अब्ज आले. ब्रिटन आणि फ्रान्सला याहून बरेच जास्त मिळाले होते. त्यामुळे जर्मनीच्या उभारीचे कारण केवळ पैशात सापडत नाही. 27 फेब्रुवारी 1953 रोजी लंडनमध्ये झालेला कर्जकरार त्या मानाने कमी माहीत आहे. त्यात युद्धपूर्व आणि युद्धोत्तर देणी सुमारे 30 अब्ज मार्कांवरून जवळपास निम्म्यावर आणली गेली. तिथे जर्मन प्रतिनिधी समोर बसून बोलत होते आणि हप्त्यांची सांगड देशाच्या फेडीच्या कुवतीशी, निर्यातीच्या कमाईशी घातली गेली. म्हणजे पैसे परत हवे असतील तर धनकोंनीही जर्मन माल विकत घेणे भाग होते. वसुली करायची तर कुळाचे बैल जप्त करून चालत नाही, हे शहाणपण या आंतरराष्ट्रीय करारात उतरले. त्या फेडीचा शेवटचा हप्ता 3 ऑक्टोबर 2010 रोजी चुकता झाला.

यावर पहिला आक्षेप असा, की हे औदार्य शीतयुद्धाच्या गरजेतून आले होते. आले होतेच. पण स्वार्थ होता म्हणूनच ते टिकले. दयेवर उभी राहिलेली धोरणे सरकार बदलले की कोसळतात. दुसरा आक्षेप जपानचा. तिथे अमेरिकी जनरल मॅकआर्थरच्या कार्यालयाने राज्यघटनेचा मसुदा स्वतःच तयार केला, मग जपानला खुर्ची कुठे होती? वरच्या पातळीवर ती फारच लहान होती, हे मान्य. पण जमीन सुधारणेकडे पाहा. गावोगावच्या निवडून आलेल्या भूसमित्यांत पाच कुळे, तीन जमीनमालक आणि दोन स्वतः कसणारे शेतकरी बसत. कोणती जमीन कुणाला जायची, याचा निर्णय तिथे होई. कुळांकडे असलेली सुमारे 46 टक्के जमीन काही वर्षांत 10 टक्क्यांच्या आसपास आली. आदेश परक्यांचा होता, तरी तो ज्यांच्या आयुष्याला भिडत होता, त्यांनीच तो राबवला.

उलट 2003 मध्ये इराकमध्ये पैशाची वाण नव्हती. पण मे महिन्यात अमेरिकी प्रशासनाचे दोन आदेश निघाले: बाथ पक्षाच्या वरिष्ठांना सरकारी नोकरीतून काढा आणि सैन्य बरखास्त करा. शस्त्र चालवता येणारी लाखो माणसे एका फटक्यात बाहेर फेकली गेली आणि त्यांतली अनेक पुढे बंडखोरांना मिळाली. त्याआधी अफगाणिस्तानसाठी भरलेल्या डिसेंबर 2001 च्या बॉन परिषदेत तालिबानला बोलावलेच नव्हते. वीस वर्षांनी काबूल पुन्हा त्यांच्याच हाती गेले. अत्याचाऱ्यांना मान द्यावा, असा याचा अर्थ नव्हे. त्यांच्यामागे उभा असलेला समाज वगळून कुठलीही व्यवस्था तग धरत नाही, एवढेच यातून दिसते.

सर्वांत गंभीर आक्षेप न्यायाचा आहे. हरलेल्यांना सवलत दिली, तर त्यांनी ज्यांना चिरडले त्यांचे काय? न्यूरेंबर्गला प्रमुख गुन्हेगारांवर खटले चालले, 1952 मध्ये पश्चिम जर्मनीने इस्रायलला 3 अब्ज मार्क देण्याचे मान्य केले. तरी दुसऱ्या महायुद्धाच्या भरपाईचा प्रश्न लंडनमध्ये पुढे ढकलला गेला. पोलंड त्या टेबलावर नव्हता, सक्तीने राबवलेले मजूरही नव्हते. त्यांच्यापैकी हयात असलेल्यांसाठी निधी उभा राहायला 2000 साल उजाडले. ही लंडन कराराची मोठी उणीव आहे आणि तिचे मूळही खुर्चीतच आहे: पराभूताला जागा मिळाली, पीडिताला मिळाली नाही. यावरचा उपाय पराभूताची खुर्ची काढून घेणे हा नाही. पीडितासाठी दुसरी मांडणे हा आहे.

भारताने हे फार लवकर ओळखले होते. 1951 च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेला आपण गेलो नाही, कारण त्या तहात जपानला सन्मानाचे आणि बरोबरीचे स्थान मिळत नाही, असे आपले म्हणणे होते. 9 जून 1952 रोजी आपण वेगळा तह केला आणि भरपाईवरचा हक्क सोडला. तेव्हा आपण स्वतः श्रीमंत नव्हतो, आपले सैनिक ब्रह्मदेशात जपानशी लढले होते. म्हणूनच आज भारताने या विषयावर बोलले पाहिजे आणि नागरिक म्हणून आपण ते बोलायला लावले पाहिजे. उद्या कुठल्याही युद्धाचा तह होईल तेव्हा किती अब्ज जाहीर झाले हे विचारण्याआधी टेबलाभोवती कोण बसले होते, हे विचारण्याची सवय आपण लावून घेऊ.