न उघडणारे झाकण

आमच्या घरच्या लाकडी कपाटाला एक खण आहे. घरातील मंडळी त्याला थट्टेने 'वस्तुसंग्रहालय' म्हणतात. या खणात आजमितीस अकरा चार्जर आहेत. कोणाचे तोंड गोल, कोणाचे चपटे, कोणाचे एका बाजूने निमुळते. त्यांच्या सोबतीला एक रिमोट आहे. त्याचा दूरदर्शन संच भंगारात जाऊन काही वर्षे लोटली. एवढी समृद्धी घरात असूनही पाहुणे आले आणि त्यांनी "जरा चार्जर द्या हो" म्हटले की आमची तारांबळ उडते. अकरांपैकी एकही त्यांच्या फोनाला लागत नाही! पूर्वीच्या सैन्यात खोगीरभरती असे म्हणतात. आमच्या खणात ती आज नांदते आहे.

वाचक म्हणतील, एवढ्याशा गोष्टीसाठी शाळेच्या वार्षिकाची पाने कशाला खर्ची घालता? परंतु आमची अशी समजूत आहे की, थोर तक्रारींचे मूळ पुष्कळदा क्षुल्लक तक्रारीत असते. या अकरा चार्जरांना अकरा तोंडे निसर्गाने दिलेली नाहीत. ती कारखानदारांनी दिली. युरोपीय संघाने कायदा केला आणि २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनांना टाइप-सी हे एकच तोंड सक्तीचे झाले. आपल्याकडेही भारतीय मानक ब्यूरोने जानेवारी २०२३ मध्ये त्याच तोंडाचे मानक प्रसिद्ध केले. मग जे आज शक्य झाले ते पंधरा वर्षांपूर्वी का झाले नाही? कारण स्पष्ट आहे. तोपर्यंत कोणी पुरेशा जोराने विचारले नव्हते.

प्रारंभीच एक गोष्ट सांगून टाकतो. आम्ही यंत्रांचे वैरी नाही. 'जुने ते सोने' हा मंत्र जपत चुलीच्या धुराचे गोडवे गाणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही बसत नाही. कला शाखेची पदवी घेतलेल्या माणसाला शोभणार नाही इतके यंत्रांचे वेड आम्हांस आहे. नवा फोन बाजारात आला की त्याची माहिती आम्ही कादंबरीच्या गोडीने वाचतो. आणि हे वेड आम्हांस पुस्तकांनी लावले नाही. ते लावले आमच्या आजोबांच्या रेडिओने.

आमची मायबोली कोंकणी. बालपण गेले गोव्याच्या पेडणे तालुक्यात. घराच्या ओटीवर आजोबांचा रेडिओ असे. त्याच्यावर पणजी आकाशवाणीच्या बातम्या लागल्या म्हणजे घरात कोणी ब्र काढायचा नाही, असा दंडक होता. एका पावसाळ्यात तो रेडिओ मुका झाला. आजोबांनी आम्हांस जवळ बसविले, हाती पेचकस दिला आणि म्हणाले, "भियेनाका, उकतें कर." भिऊ नकोस, उघड. मागच्या झाकणाला चार स्क्रू होते. ते काढताच एक नवीच सृष्टी डोळ्यांपुढे उभी राहिली. काळ्या कांडीवर गुंडाळलेली तांब्याची बारीक तार, ध्वनिवर्धकाचा जड चुंबक, आणि एका कोपऱ्यात सुटून लोंबकळणारा एक तांबडा धागा. आजोबांनी त्याला कथिलाचा डाग दिला. रेडिओ बोलू लागला. त्या दिवशी आमच्या बालमनाला जो साक्षात्कार झाला तो असा की, माणसाने केलेली वस्तू माणसाला कळू शकते.

आजच्या वस्तूंची गोष्ट निराळी आहे. आज फोनाला झाकण असते, पण ते उघडण्यासाठी नसते. ते डिंकाने चिकटविलेले असते. कोठे स्क्रू असलाच तर त्याच्या डोक्याला पाच पाकळ्या असतात, आणि त्याला लागणारा पेचकस सामान्य दुकानात मिळत नाही. वस्तू बिघडली म्हणून दूरध्वनी करावा तर पलीकडून मंजुळ आवाजात आज्ञा सुटतात: हिंदीसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी चार दाबा. आम्ही दाबतो. नंतर वाद्यसंगीत सुरू होते. पंधरा मिनिटे संगीत ऐकल्यावर संबंध तुटतो. एका कंपनीने आम्हांस कळविले की, आपले यंत्र सेवाकेंद्रात घेऊन यावे. सेवाकेंद्र नागपूरला! जाहिरातीत मात्र 'सेवा आपल्या दारी' असे मोठ्या अक्षरांत छापलेले होते. ते दार नागपूरचे असल्याचा खुलासा बारीक अक्षरांतही नव्हता.

इथवरच्या गोष्टी हसून सोडून देता येतील. परंतु एक प्रसंग असा घडला की, त्यानंतर या विषयावर आम्हांस नुसते हसता येईना.

सन २०२० च्या मार्च महिन्यात महामारीमुळे शाळा बंद झाल्या आणि पुढे शिकविणे फोनावर आले. आमच्या वर्गात सातवीत एक मुलगी होती. वडील मजुरी करीत. घरात फोन एकच. वडील संध्याकाळी घरी आले म्हणजे तो तिच्या हाती येई, आणि दिवसभराचे धडे ती रात्री उतरून घेई. एके दिवशी तिच्या वह्यांची छायाचित्रे येणे थांबले. चौकशी केली तेव्हा कळले की, फोनाची बॅटरी फुगली आहे. निर्बंध सैल झाल्यावर आम्ही तिच्या वडिलांबरोबर बालाघाटच्या बसस्थानकाजवळील एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. तो मनुष्य हाताचा कसबी. त्याने अनेकांचे फोन जिवंत केलेले. त्याने तो फोन उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. म्हणाला, "सर, ये खुलने के लिए बना ही नहीं है." उघडायला जावे तर पडदा फुटण्याची भीती, आणि पडदा घालायचा तर निम्म्या फोनाची किंमत.

ती मुलगी जवळजवळ दोन महिने अभ्यासाला मुकली. पुढे वडिलांनी हप्त्यांवर नवा फोन घेतला. शाळा उघडल्यावर तिने आम्हांस एक वाक्य ऐकविले. "सर, जुना फोन तसा चांगलाच होता हो. फक्त बॅटरीच गेली होती." आमच्या सर्व विवेचनाचे सार या वाक्यात आहे. अंगरख्याचे एक बटण तुटले म्हणून कोणी अंगरखा फेकीत नाही. मग बॅटरीसारखा हटकून झिजणारा भाग मेला म्हणून अवघा फोन का मरावा?

हे सारे अजाणता घडते, असे मानण्याचा भोळेपणा इतिहास आम्हांस करू देत नाही. सन १९२४ मध्ये जिनिव्हा येथे जगातील मोठमोठ्या दिवा-कारखानदारांनी एक गुप्त संघ स्थापिला. फीबस हे त्याचे नाव. त्या काळी विजेचे दिवे दीड-दोन हजार तास जळत. या संघाने ठरविले की, दिवा सुमारे एक हजार तासच जळावा. आणि ज्याचे दिवे अधिक काळ जळतील त्या कारखान्यास दंड! चांगले काम केल्याबद्दल शिक्षा झाल्याची उदाहरणे पुराणांतही फारशी नसतील. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तो संघ मोडला. परंतु लवकर मरणारी वस्तू विकणाऱ्याच्या सोयीची असते, हा त्याने शिकविलेला धडा व्यापारी जग विसरले नाही.

आम्ही बालाघाटकर तर या प्रश्नाकडे परक्याच्या दृष्टीने पाहूच शकत नाही. आपल्या शहराला लागून भरवेलीला मँगनीजची खाण आहे. आपल्याच जिल्ह्यात मलाजखंडला तांब्याची प्रचंड खाण आहे. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गच्या खाणीतील मँगनीज कोरड्या सेलांसाठी वापरले जाते. रेडिओतील तार आणि विजेरीतील सेल ज्या धातूंनी होतात ते आपल्या परिसरातील माणसे जमिनीच्या पोटातून घाम गाळून बाहेर काढतात. खणताना किती डोंगर पोखरावा लागतो आणि किती पाणी गढूळ होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना एक फुगलेली बॅटरी म्हणून अख्खा फोन कचऱ्यात टाकणे जिवावर यावे. मातीतून काढलेले तांबे वर्षा-दोन वर्षांत पुन्हा उकिरड्यावर नेऊन टाकायचे, याला प्रगती म्हणावयाचे असेल तर अधोगतीला निराळे नाव शोधावे लागेल.

दुसरी बाजू मांडली नाही तर आम्ही अन्याय केल्यासारखे होईल. चिकटविलेल्या फोनात पाणी आणि धूळ सहसा शिरत नाही, तो पातळ होतो, खिशात सुखाने राहतो. लिथियमची बॅटरी हे खेळणे नव्हे. तिला टोचले वा दाबले तर ती पेट घेते. फुगलेल्या बॅटरीला विद्यार्थ्यांनी स्वतः मुळीच हात लावू नये, हे आम्ही शिक्षक या नात्याने बजावून सांगतो. परंतु या युक्तिवादाने फार तर एवढेच सिद्ध होते की, काम जाणत्याच्या हातून व्हावे. जाणत्यालाही ते करता येऊ नये, हे कोठे सिद्ध होते? मिक्सरचे कपलर तुटले तर ते बाजारात थोडक्या पैशांत मिळते. सायकलची ट्यूब गावोगाव मिळते. या वस्तू काही मागासलेल्या नाहीत. त्यांच्या कर्त्यांनी त्या बिघडतील हे प्रामाणिकपणे गृहीत धरले, इतकेच. युरोपीय संघाच्या २०२३ च्या कायद्याने तर १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख घातली आहे. त्या तारखेपासून फोनासारख्या लहान उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता आली पाहिजे, असा त्याचा सर्वसाधारण दंडक आहे. अशक्य गोष्टीचा कायदा कोणी करीत नसतो.

मग आपण काय करावे? नुसते कपाळाला हात लावून बसावे काय? नव्हे. मराठी माणसाला या बाबतीत वारसा आहे. सन १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना केली आणि ग्राहक हा व्यवहारातील दुबळा याचक नसून राजा आहे, हा विचार घरोघरी पोहोचविला. अशा चळवळींच्या रेट्याने १९८६ मध्ये देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला; २४ डिसेंबर हा दिवस त्याच्याच स्मरणार्थ राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. त्यात छोट्या गावांच्या दृष्टीने मोठी सोय आहे. तक्रार करणारा जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे त्याला दाद मागता येते. कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीबाबत शुल्कही नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणी आहे. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळही सुरू केले. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने अशी चार क्षेत्रे घेतली आहेत. हे पाऊल चांगले; परंतु संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. वस्तू उघडता येईल अशीच घडवावी, अशी सक्ती व्हावी म्हणून आपण मागणी करीत राहिले पाहिजे.

आणि कायद्याच्या अलीकडे आपल्या हातातही काही आहे. पालकांना आमची विनंती आहे की, वस्तू घेताना रंग आणि किंमत विचारता, तसा तिसरा प्रश्नही विचारा: "ही बिघडली तर बालाघाटात दुरुस्त होईल का?" एका गिऱ्हाईकाच्या प्रश्नाने दुकानदार हसेल, शंभरांनी विचारले तर तो कंपनीला पत्र लिहील. पावती जपून ठेवा. पावतीवाचून तक्रार लंगडी पडते. आणि बसस्थानकाजवळच्या त्या कसबी दुरुस्तीवाल्याला मान द्या. तो आपल्या गावचा वैद्य आहे. फरक एवढाच की, त्याचे रोगी बोलत नाहीत.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांस सांगणे थोडेच आहे. घरात एखादा बंद पडलेला, सेल काढून ठेवलेला जुना रेडिओ किंवा भिंतीवरचे घड्याळ असेल, तर ते भंगारात देण्यापूर्वी थोरांच्या परवानगीने एकदा उघडून पाहा. विजेच्या बोर्डाला जोडलेल्या वस्तूपासून मात्र दूर राहा. कदाचित ते दुरुस्त होणार नाही. पण ज्याने एकदा आत डोकावून पाहिले, तो पुढे दुकानात उभा राहिला म्हणजे नुसता भुलत नाही, तो विचारतो. विचारणारे गिऱ्हाईक फसविणे कठीण असते.

आजोबा आज नाहीत. रेडिओ मात्र आमच्याकडे आहे, आणि अजून बोलतो. त्याच्या मागचे चार स्क्रू पाहिले की आम्हांस ते दोन कोंकणी शब्द ऐकू येतात. तेच आम्ही येथे मराठीत लिहून ठेवतो: भिऊ नका, उघडा. आणि जे उघडत नाही ते विकत घेण्यापूर्वी दोनदा विचार करा.