वेठ आणि वही

सुताराला आपल्याकडे कोणी असे म्हणत नाही की, ‘पाट तेवढा फुकट करून दे, चार पाहुणे त्यावर जेवतील, तुझेच नाव होईल.’ हलवायाला तर दिवाळीच्या दिवसांत असे म्हणून पाहावे! पण स्वतंत्र धंदा करणारा डिझायनर समोर आला, की भल्या भल्या माणसांच्या तोंडून हे वाक्य सहज निघते. ‘अरे, संगणकावरचं तर काम! एवढं करून दे, तुझीच जाहिरात होईल की!’ या वाक्याने आपल्या लहान गावांतल्या किती मुलांचा हुरूप मारला आहे, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. सणासुदीला भांडू नये म्हणतात. पण ही गोष्ट घरातल्या सर्वांनी एकत्र बसून ऐकण्याजोगी आहे, म्हणून दिवाळीचाच मुहूर्त बरा.

पूर्णेचे उदाहरण घ्या. परभणी जिल्ह्यातले हे जंक्शनचे गाव. एका अंगाला परभणी, दुसऱ्या अंगाला नांदेड आणि तिसरीकडे वसमत-हिंगोलीवरून अकोला, असे इथून रूळ फुटतात. अशा गावात लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या आणि वाढदिवसांचे फलक करून पोट भरणारा तरुण आता नवलाचा राहिलेला नाही. त्याला पुण्या-मुंबईचे काम हवे असते. तिकडून पहिला प्रश्न येतो, ‘पोर्टफोलिओ दाखवा.’ म्हणजे आपल्या निवडक कामांची वही. वहीत घालायला याच्यापाशी काय असते? शंभर फलक, आणि प्रत्येकावर हात जोडून उभे असलेले तेच चेहरे. स्वतःचे असे काही कर म्हटले, की तो मान खाली घालतो : ‘करायचं आहे हो, पण प्रेरणाच येत नाही.’

प्रेरणेचे हे स्तोम आता पुरे झाले. पूर्णेच्या फलाटावरून गाडी सुटते ती सिग्नल मिळाल्यावर. चालकाला हुरूप आला म्हणून नव्हे. मात्र या मुलांना आळशी म्हणून मोकळे होणे हा अन्याय आहे. दिवसभर लोकांची कामे करणारा मुलगा आळशी कसा? खरी गोम वेगळी आहे. वही भरायची म्हणून त्याला जे करायला शिकवले जाते, ते मुळात खोटे असते. कधी न पाहिलेल्या शहरातल्या, अस्तित्वातच नसलेल्या कॉफीच्या दुकानाचे बोधचिन्ह काढायचे. नसलेल्या बुटांच्या नसलेल्या कंपनीची जाहिरात रंगवायची. ते वाचून कोणाचे काही अडत नाही, चुकले तर कोणी बोलत नाही. अशा कामात मन लागत नसेल, तर दोष मनाचा नाही, कामाचा आहे.

आणि खरी कामे तर दाराशी पडली आहेत! अकोल्याच्या बाजूने आलेल्या, इथे गाडी बदलणाऱ्या म्हातारीला चष्म्याशिवाय वाचता येईल असा गाड्यांचा एक तक्ता करून पाहा. वसमतची हळद नावाजलेली. २०२४ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. तिच्या पुडीवर ती कुठली, कधी दळलेली, हे नीट सांगणारे वेष्टन करून पाहा. याहून निकडीचे काम हवे असेल तर फवारणीच्या औषधाचा डबा हातात घ्या. त्याच्यावर एक चौकोन असतो. त्याचा खालचा त्रिकोण तांबडा असेल तर विष अतिजहाल; पिवळा, निळा, हिरवा या क्रमाने ते उतरत जाते. किती घरांत हे ठाऊक आहे? बाकीच्या सूचना मुंगीएवढ्या अक्षरांत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. त्याची कारणे अनेक होती. चांगल्या अक्षराने सारी टळली असती, असे कोणी म्हणणार नाही. पण गोठ्याच्या भिंतीवर लावता येईल असा चार रंगांचा एक मराठी तक्ता करावा, परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या जाणकारांकडून तपासून घ्यावा, यासाठी कोणत्या गिऱ्हाइकाची वाट पाहायची? ते पान वहीत असेल, तर पाहणाऱ्याला या मुलाची अक्कल आणि काळीज दोन्ही दिसतील.

ज्या दिवाळी अंकांवर आपली पिढ्यान्‌पिढ्यांची हौस पोसली, त्यांचाच इतिहास पाहा. गोव्याहून आलेले दीनानाथ दलाल दुसऱ्यांच्या पुस्तकांची मुखपृष्ठे उत्तम करीत होतेच. पण १९४५ साली त्यांनी ‘दीपावली’ हा स्वतःचा अंक काढला. आपली चित्रे छापायला दुसऱ्याने पान द्यावे, म्हणून ते अडून राहिले नाहीत. रघुवीर मुळगावकरांनीही ‘रत्नप्रभा’ काढून तेच केले. नाटकांच्या जाहिरातींतली नावे घडविणाऱ्या कमल शेडग्यांची अक्षरे तर वर्तमानपत्रात छापून येत, म्हणजे दुसऱ्या दिवशी रद्दीत जायची. ती त्यांनी जपली, पुस्तकांत आणली. म्हणून २०२० साली ते गेल्यावरही अभ्यासायला उरली. वही म्हणतात ती हीच.

आता कोणी चतुर गृहस्थ म्हणतील, ‘म्हणजे फुकट काम करावे, हे आमचेच म्हणणे झाले की!’ नाही साहेब. हीच तर मखलाशी आहे. काय करायचे ते मी ठरविले, त्यावर नाव माझे राहिले, आणि नको वाटले तेव्हा थांबण्याची मुभा मला असली, तर ते माझे भांडवल. काय करायचे ते तुम्ही ठरविणार, सात वेळा बदलायला लावणार, वापरणार तुम्ही आणि दाम मात्र देणार नाही. त्याला मराठीत जुना शब्द आहे, वेठ! शेतकरी पुढच्या पेरणीसाठी बियाणे राखून ठेवतो, म्हणून त्याचे धान्य कोणी फुकट मागावे काय?

घरच्या मंडळींशीही दोन शब्द बोलायचे आहेत. मुलगा किंवा मुलगी रात्री असे काही करीत बसली, की ‘याचे पैसे कोण देणार?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारू नका. शिवण शिकणारी लेक पहिली चार पोलकी घरच्यांचीच शिवते, ते कापड आपण वाया गेले म्हणत नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ तिच्या वहीसाठी राखून द्या. त्या वेळी तिला बाजाराला पाठवू नका. आणि पाहुण्यांच्या पत्रिकेचे काम परस्पर कबूल करून येऊ नका!

मुलांनो, तुम्हीही महिन्याला एकच काम हाती घ्या. पण गावातल्या खऱ्या माणसाचे. ते त्याला दाखवा, त्याला वाचता येत नसेल तर पुन्हा करा. वर्षाकाठी बारा होतील. त्यांतली चार वहीत घालण्याजोगी निघाली तरी पुष्कळ. आणि ‘तुझीच जाहिरात होईल’ म्हणणारा आला, तर फराळाचे ताट आदराने पुढे करा, चहा द्या, आणि निम्मे पैसे आगाऊ मागा.