चैत्रातली शाळा आणि एक रांजण

कडुनिंबाला फुलोरा आला की मला शाळा आठवते. पाठ्यपुस्तकातल्या वसंतात कोकिळा असतात, आंब्याचा मोहर असतो, मंद वारे वाहतात. नगर जिल्ह्याच्या (आता अहिल्यानगर) ज्या कोरडवाहू भागात मी वाढलो, तिथला वसंत वेगळा. रब्बीची ज्वारी निघून गेलेली बोडकी शेते, लांबवर एखादा पेटलेला पळस, आणि आमच्या मिशनच्या शाळेच्या आवारातले सात-आठ कडुनिंब. एवढाच आमचा वसंत. पण त्या झाडांखाली फाल्गुन-चैत्रात जे चाले, ते पुढे कुठल्याही शाळेत मला दिसले नाही. मी ख्रिस्ती नाही. माझ्यासारखी निम्मी-अधिक मुले नव्हती. तरी आज वयाच्या साठीनंतर मागे वळून पाहताना वाटते, की माणसांत राहायचे कसे याचा धडा आम्ही त्या दोन महिन्यांत गिरवला.

सुरुवात होई राखेच्या बुधवारी. ख्रिस्ती मुले कपाळावर राखेचा क्रूस घेऊन वर्गात येत. आमच्या कपाळावर अंगारा, त्यांच्या कपाळावर राख, त्यामुळे कोणाला त्याचे नवल वाटत नसे. तिथपासून ईस्टरपर्यंत, मधले रविवार सोडून, चाळीस दिवसांचा उपवासकाळ. या चाळीस दिवसांत शुक्रवारचा शेवटचा तास अभ्यासाचा नसे. ज्यांना ‘क्रुसाची वाट’ करायची ती मुले फादरांबरोबर शाळेमागच्या टेकडीवर जात. तिथे चुन्याने रंगवलेल्या दगडांची चौदा ठिकाणे होती, प्रत्येक ठिकाणी थांबून प्रार्थना होई. बाकीचे आम्ही गुरुजींबरोबर आवार झाडत असू, झाडांना बादल्यांनी पाणी घालत असू. टेकडीवर जायला मिळते या लोभाने आमच्यातले काही तिकडेही पळत. फादर हाकलत नसत, आणि बोलावतही नसत.

याच दिवसांत होळी येई. शाळेच्या कुंपणाची लाकडे दरवर्षी गावच्या होळीत जळत आणि दुसऱ्या दिवशी रंगलेल्या तोंडांनी आम्हालाच नवे कुंपण घालावे लागे. फादर परदेशातून आलेले. मराठी अस्खलित बोलत, पण ‘ळ’ त्यांना शेवटपर्यंत जमला नाही. ‘होलीचा आनंद झाला, आता कुंपण,’ एवढेच ते म्हणत.

होळी आणि ईस्टर असे पाठोपाठ येतात, यात योगायोगाचा भाग थोडा आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, असा त्याचा ढोबळ नियम. म्हणजे आपल्या हिशेबाने बहुधा होळीची नाहीतर हनुमान जयंतीची पौर्णिमा. २००८ साली तर २१ मार्चला गुड फ्रायडे होता आणि त्याच संध्याकाळी होळी पेटली. एकाच चंद्राकडे पाहून दोन्ही सण ठरतात, हे आम्हाला शाळेत गुरुजींनी फळ्यावर काढून दाखवले होते. भूगोलाच्या तासाला.

आता रांजणाची गोष्ट. मराठी ख्रिस्ती कुटुंबांत देवासाठी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवण्याची रीत आहे. आमच्या शाळेत ती सगळ्यांसाठी होती. कोठीच्या खोलीत एक मोठा रांजण ठेवलेला असे. शुक्रवारी प्रत्येक मुलाने एक कापडी पिशवी आणायची, एकेकट्याने कोठीत जायचे, दार लोटून घ्यायचे. ज्याच्या घरी असेल त्याने रांजणात मूठभर टाकायचे, ज्याच्या घरी नसेल त्याने लागेल तेवढे काढून घ्यायचे. पिशवी घेऊन आत आणि पिशवी घेऊनच बाहेर. कोणी टाकले आणि कोणी काढले, हे विचारायचे नाही. पिशवी फुगलेली दिसली तरी बोलायचे नाही. शाळेत छडीचा मार खाण्याजोगे गुन्हे फार थोडे होते, त्यात हा एक होता.

सुरुवातीची दोन वर्षे मी टाकणाऱ्यांत होतो. आमची बारा एकर जमीन होती, विहीर होती, गावात नाव होते. मग १९७२ चा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायला नको. विहिरीचा तळ दिसू लागला, जनावरे दावणीतून गेली, आणि १९७३ च्या फाल्गुनात माझे आई-वडील पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. रेशनवर लाल मिलो मिळे, कामावर सुकडी मिळे. त्या वर्षी एका शुक्रवारी मी कोठीत गेलो, दार लोटले, आणि रांजणात हात घालून पहिल्यांदा धान्य काढले. लालच मिलो होता. आजीला सांगितले, रेशनचा आहे. तिने काही विचारले नाही. रांजण मात्र कधी रिकामा लागला नाही. रात्री त्यात भर कोण घालत होते, हे कळायला मला आणखी बरीच वर्षे जावी लागली.

त्या वर्षी ईस्टर २२ एप्रिलला होता. आदल्या गुरुवारी, म्हणजे १९ तारखेला, शाळेत पाय धुण्याचा कार्यक्रम झाला. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. चर्चमधला विधी संध्याकाळी वेगळा होई. हा शाळेचा, कडुनिंबाखालचा. ज्यांना बसायचे त्यांनी नावे द्यायची आणि चिठ्ठ्या टाकून बारा निवडायचे. माझी चिठ्ठी निघाली. माझ्या शेजारी बसला तो गावकुसाबाहेरच्या वस्तीतला माझा वर्गमित्र. आमच्या विहिरीवर त्याच्या घरच्यांना पोहऱ्याला हात लावता येत नसे. आमच्यातले कोणी तरी वरून पाणी ओतायचे, त्यांनी खालून घागर धरायची. कायदा होऊन तेव्हा अठरा वर्षे झाली होती, पण कायदा गावात पोचायचा होता.

पाण्याची इतकी टंचाई होती, की बारा जणांना मिळून एकच घमेले. फादर गुडघ्यांवर बसले. त्याचे पाय अनवाणी चालून फुटले होते, भेगांत माती बसली होती. तो पाय मागे ओढू लागला. फादरांनी काही न बोलता तो धरला, धुतला, पंचाने पुसला. मग त्याच घमेल्यात माझा पाय. वडीलधाऱ्यांच्या पायावर डोके ठेवायला शिकलेली आम्ही मुले, एका वडीलधाऱ्या माणसाला आमच्या पायांशी वाकलेला पाहत होतो. हसू कोणाला आले नाही. शेवटी ते गढूळ पाणी फादरांनी कडुनिंबाच्या आळ्यात ओतले.

घरी येऊन मी आजीला सांगितले. तिचा चेहरा बदलला. ‘‘त्याच पाण्यानं? समद्यांचे?’’ मी हो म्हणालो. ती बराच वेळ जात्यापाशी गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘रांजणातलं खातोच की आपण. मग पाय तेवढं येगळं कशाला?’’ म्हणजे तिला सुरुवातीपासून ठाऊक होते! त्या दिवसापासून आमची विहीर सगळ्यांना मोकळी झाली, असे लिहायला मला आवडले असते. तसे झाले नाही, पुढे बरीच वर्षे झाले नाही. पण माझ्या घरात एक प्रश्न शिरला आणि तो परत गेला नाही.

हे सगळे आठवायचे कारण माझी नात. पुण्यात एका ख्रिस्ती संस्थेच्याच शाळेत ती शिकते. शाळा चांगली आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये मी तिला आणायला गेलो होतो, तेव्हा मुख्याध्यापिका सिस्टरांना सहज विचारले, की उपवासकाळात मुलांसाठी काय असते? त्या थोड्या अवघडल्या. पूर्वी धान्य गोळा करणे होते, वृद्धाश्रमाला भेट होती, शाळेच्या अंगणात सर्वांचे जेवण होते. आता नाही. राज्यात पहिली ते नववीच्या परीक्षांचे एप्रिलमधले, २५ तारखेपर्यंतचे एकच वेळापत्रक निघाले होते, आणि ईस्टर होता २० तारखेला. ‘‘पण खरे सांगू का, परीक्षा हे अर्धेच कारण,’’ सिस्टर म्हणाल्या. ‘‘काही पालक विचारतात, यात अभ्यासाचा वेळ जाणार नाही ना? आणि काही विचारतात, हे नेमके कशासाठी? दोघांनाही उत्तर देत बसण्यापेक्षा बंद केलेले बरे.’’

मला सिस्टरांचा राग आला नाही. वाईट मात्र वाटले. या दोन प्रश्नांचा विचार आपण, पालक आणि आजी-आजोबा म्हणवणाऱ्यांनी, करायला हवा.

दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण तो जुना आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, त्यामागे धर्मप्रसाराचाही हेतू होता. हे त्यांनी स्वतःही लपवले नाही. त्याच शाळांतून महाराष्ट्राला काय मिळाले, हेही लपलेले नाही. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. सावित्रीबाईंनी नगरला मिस सिंथिया फॅरार यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेतले. संशयही तितकाच जुना आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले, पुढे ते पुण्याला हलले, आणि १८९३ साली मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात या वादातून सल्लागार मंडळातल्या मान्यवरांनी राजीनामे दिले. अनेक मुलींना घरी नेण्यात आले. त्या भांडणात कोणाचे किती चुकले, यावर अजून लिहिले जाते. नुकसान मात्र ज्यांची पुस्तके मिटली त्या मुलींचे झाले, याबद्दल वाद नसावा.

स्वतंत्र भारताने यावर एक समंजस वाट काढली आहे. अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालवण्याचा हक्क घटनेच्या तिसाव्या कलमाने दिला. आणि अठ्ठाविसाव्या कलमाने सांगितले, की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही त्याच्या, तो अज्ञान असेल तर पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येणार नाही. आमचे फादर घटनेची कलमे सांगत नसत, पण वागत तसेच. टेकडीवर जाणारे टेकडीवर, झाडणारे अंगणात, आणि रांजण सगळ्यांचा. संशयाला उत्तर म्हणून दार बंद केले तर संशय वाढतोच. दार उघडे ठेवावे, पालकांना आत येऊन बसू द्यावे, म्हणजे विचारायला काही उरत नाही.

पहिला प्रश्न मला अधिक छळतो. अभ्यासाचा वेळ जाईल! आठवड्याचा एक तास. त्या एका तासाने कोणाचे किती गुण गेले असते? आम्ही दुष्काळात शिकलो, पोटात मिलो होता, तरी आमच्यातले शिक्षक झाले, तलाठी झाले, माझा तो वर्गमित्र इंजिनियर होऊन निवृत्त झाला. आज मुलांना ‘उपक्रम’ नाहीत असे नाही. ते पुष्कळ आहेत, त्यांचे फोटो निघतात, पालकांच्या मोबाइलवर येतात, त्यांच्या फायली होतात. पण ज्या मुलाने दिले आणि ज्या मुलाने घेतले ते दोघे ओळखूच येऊ नयेत, अशा गोष्टीचा फोटो कसा काढणार? म्हणून ती बंद पडते.

माझे मागणे मोठे नाही. ख्रिस्ती शाळांनी आपला हा ऋतू संकोचून गुंडाळून ठेवू नये. पवित्र आठवड्यातले दोन-तीन दिवस पेपरातून मोकळे ठेवावेत. त्याच सुमारास ११ एप्रिलला जोतीरावांची आणि १४ ला बाबासाहेबांची जयंती येते, पाडवा येतो, कधी ईदही येते. या सगळ्यांचे मिळून एक जेवण अंगणात व्हावे, डबे घरून यावेत आणि ते एकमेकांत वाटले जावेत. पालकांनी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, शाळेला एकच विचारावे: माझे मूल इथे कोणाशेजारी बसते?

नातीला मी पाय धुण्याची गोष्ट सांगितली. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘आजोबा, बाराच्या बारा मुलगेच? मुली का नव्हत्या?’’ मी गडबडलो. आम्हाला तेव्हा ते सुचलेही नव्हते. मग तिला सांगितले, की कॅथलिक चर्चने २०१६ साली तो नियम बदलला आहे आणि आता स्त्रियांचेही पाय धुतले जातात. ‘‘मग आमच्या शाळेत करा म्हणावं,’’ ती म्हणाली.

ते मी सिस्टरांना सांगणार आहे. आणि विचारणार आहे, की एक रांजण आणून दिला तर ठेवायला जागा आहे का.