‘गावी जा’ म्हणू नका, अर्ज घ्या!



बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीभोवतीच्या चाळींतली एखादी बाई नवऱ्याचा मार खाऊन पहाटे चौकी गाठते. दंडावर वळ, कडेवर पोर, हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड. त्यावर पत्ता गोरखपूरचा. तो पाहिला की समोरून उत्तर येते, “तुझी केस इथे होत नाही, गावी जाऊन कर.” हे उत्तर आम्ही अशा बायांशेजारी बाकावर बसून ऐकले आहे, आणि एकदाच नव्हे.

हे उत्तर साफ बेकायदा आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याचे कलम २७ सांगते, की बाई जिथे राहते, मग ते तात्पुरते का असेना, किंवा जिथे काम करते, तिथल्या मॅजिस्ट्रेटपुढे तिला दाद मागता येते. छळाची फौजदारी तक्रारही तिने जिथे आसरा घेतला तिथे चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच रूपाली देवी प्रकरणात ठरवून टाकले. गावी कोण आहे तिचे? सासरा, दीर आणि त्यांचीच पंचायत.

खोली नवऱ्याच्या नावावर भाड्याने असली तरी बाईला तिथे राहण्याचा हक्क आहे. नवऱ्याच्या सांगण्यावरून तिच्या दाराला कुलूप लावणाऱ्या खोलीमालकांनी हे नीट वाचावे.

अर्ज घेतला गेला तरी पुढे तारखांवर तारखा. पहिली सुनावणी साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदाच म्हणतो. इथे मात्र नवरा ठेकेदार बदलून वापीला, नाहीतर सिल्वासाला जातो आणि नोटीस ‘पत्त्यावर नाही’ म्हणून परत येते. बाई बोईसरहून गाडी पकडते, पालघरला उतरते, दिवसभर ताटकळते आणि नवी तारीख घेऊन परतते. एका तारखेला एक खाडा! खाडे वाढले की ठेकेदार काढून टाकतो. मारणारा मोकळा, उपाशी राहते ती. कलम २३ प्रमाणे नवरा हजर नसतानाही तिच्या प्रतिज्ञापत्रावर अंतरिम आदेश देता येतो. तो अधिकार अशाच बाईसाठी आहे, कोर्टाने तो वापरावा.

कोर्टाचे कामकाज मराठीत चालते, त्याचा आम्हाला अभिमानच आहे. पण भोजपुरी किंवा नेपाळी बोलणाऱ्या बाईला आपल्याच अर्जात काय लिहिले ते कळत नसेल, तर खाली उमटवलेल्या अंगठ्याला काय किंमत? तिच्या भाषेत अर्ज वाचून दाखवणारा माणूस कोर्टात हवा. या कायद्याखाली बाईला मदत करणारा संरक्षण अधिकारीही तालुक्यात हजर हवा. जिल्हा आणि तालुका पातळीवर हे अधिकारी नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सर्व राज्यांना बजावले आहे.

काही जण विचारतात, परप्रांतीयांच्या घरात आपण कशाला पडायचे? जव्हार-मोखाड्याच्या आपल्या लेकी वीटभट्ट्यांवर परमुलखात जातात. तिथे त्यांनाही कुणी ‘गावी जा’ म्हटले, तर चालेल तुम्हाला?

ताईंनो, भाड्याची पावती, कंपनीचा गेटपास, पोराच्या शाळेचा दाखला, जे असेल ते जपून ठेवा. मदतीसाठी १८१ वर फोन करा. बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. त्यासाठी १५१०० लावा. आणि वाचणाऱ्यांनो, हे पत्रक फेकू नका. चाळीतल्या नळापाशी चिकटवा, आणि जिला वाचता येत नाही तिला तिच्या भाषेत वाचून दाखवा.