भूमी लहान, सागर अफाट
विशेष प्रतिनिधी

जांभूळ (ता. अंबरनाथ) : उल्हासनगर, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या तीन शहरांची एकत्रित लोकसंख्या 2011च्या जनगणनेत सव्वानऊ लाखांहून अधिक होती. जांभूळच्या परिसरातील या शहरी पट्ट्याहून फार मोठी लोकसंख्या मॉरिशस या सार्वभौम राष्ट्राचीही नाही. तेथे सुमारे साडेबारा लाख लोक राहतात. भूभाग 2,040 चौरस किलोमीटर, म्हणजे आजच्या ठाणे जिल्ह्याच्या निम्म्याहून किंचित कमी.

मादागास्करच्या पूर्वेस असलेला हा ज्वालामुखीजन्य द्वीपदेश 12 मार्च 1968 रोजी ब्रिटिश सत्तेतून मुक्त झाला आणि 1992 मध्ये प्रजासत्ताक बनला. पोर्ट लुई ही त्याची राजधानी. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर नेलेल्या भारतीय गिरमिटिया मजुरांत मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांनी मराठी जपली असून ती तेथील शाळांतही शिकवली जाते. गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते.

तथापि, या देशाचे सामरिक महत्त्व जमिनीत नसून समुद्रात आहे. चागोस द्वीपसमूहासह सुमारे 23 लाख चौरस किलोमीटर सागरी क्षेत्रावर मॉरिशस हक्क सांगतो. स्वातंत्र्य देण्यापूर्वीच, 1965 मध्ये, ब्रिटनने चागोस वेगळा काढला. दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ उभारण्यासाठी 1973 पर्यंत तेथील रहिवाशांना हुसकावण्यात आले.

स्वतःचे सैन्यदल नसलेल्या मॉरिशसने न्यायाचा मार्ग धरला. फेब्रुवारी 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने चागोसची फारकत बेकायदा ठरवणारे सल्लागार मत दिले. पाठोपाठ संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 116 विरुद्ध 6 मतांनी मॉरिशसची बाजू उचलून धरली. भारतही मॉरिशसच्या बाजूने होता. मात्र हे मत बंधनकारक नसल्याने प्रत्यक्ष तोडग्यासाठी वाटाघाटींची वाट धरावी लागली.

22 मे 2025 रोजी झालेल्या करारात चागोसवरील मॉरिशसचे सार्वभौमत्व ब्रिटनने मान्य केले. मोबदल्यात दिएगो गार्सियाचा वापर 99 वर्षे ब्रिटनकडेच राहील, असे ठरले. कराराची अंमलबजावणी मात्र अनुसमर्थनावर अवलंबून ठेवण्यात आली. अन्य बेटांवर पुनर्वसनाची तरतूद त्यात आहे. दिएगो गार्सियावर नाही. छोट्या राष्ट्राला न्यायालयात कौल मिळू शकतो. परंतु त्याची किंमत बडी राष्ट्रे ठरवतात आणि ती विस्थापितांना मोजावी लागते, हेच या करारातून दिसते.